करसुधारणेचा पुढचा टप्पा विवरणपत्र न भरणाऱ्यांसाठी हवा

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

येत्या १ फेब्रुवारीला केंद्रीय अर्थसंकल्प मांडला जाईल आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा रद्द होऊन त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा लागू होईल. गेल्या वर्षभरात करांच्या बाबतीत दोन मोठे निर्णय झाले. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावरचा आयकर शून्यावर आणला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ व २८ टक्क्यांचे टप्पे काढून टाकून बहुतेक वस्तू ५ किंवा १८ टक्क्यांत बसवण्यात आल्या. साबण, टूथपेस्ट, केसांचे तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आले, वह्या-पेन्सिलींवरचा कर गेला, व्यक्तिगत आरोग्य व आयुर्विम्याचे हप्ते करमुक्त झाले. या निर्णयांचे मी मनापासून स्वागत करतो. तरीही सांगलीत करसल्लागार म्हणून काम करताना रोज जे दिसते, त्यावरून एक गोष्ट आग्रहाने मांडावीशी वाटते. आपल्याकडची करसुधारणा अजून विवरणपत्र भरणाऱ्याचाच विचार आधी करते. विवरणपत्र न भरणारा, पण सकाळपासून रात्रीपर्यंत प्रत्येक खरेदीत कर भरणारा जो मोठा वर्ग आहे, त्याच्या वाट्याला नेमका किती भार येतो याचा हिशेब सरकारी कागदात कुठेही मांडलेला नसतो.

बरोबर १२ लाख उत्पन्न असलेल्या माणसाचे गेल्या वर्षीच्या सवलतीमुळे वर्षाला ८० हजार रुपये वाचले. ते त्याला मिळायलाच हवे होते. घराचा हप्ता, मुलांची फी आणि आईवडिलांचे औषधपाणी सांभाळणाऱ्या मध्यमवर्गीय घराला या रकमेचे मोल काय असते हे मी रोज पाहतो. परंतु आमच्या गणपती पेठेतील दुकानात महिना १४ हजार रुपयांवर काम करणाऱ्या माणसाचा त्या निर्णयाने एक पैसाही वाचला नाही, कारण त्याला आयकर कधी लागतच नव्हता. त्याचा कर वेगळ्या वाटेने जातो. माझ्या कार्यालयाशेजारच्या दुकानातील अशाच एका कामगाराबरोबर बसून मी त्याच्या महिन्याच्या खर्चाची यादी तपासली. मोबाइलच्या २९९ रुपयांच्या रिचार्जमध्ये १८ टक्के दराने ४५ रुपये ६० पैसे कर होता. गोडेतेल, साखर, चहा, गॅसची टाकी आणि औषधे यांवर ५ टक्के होते. विजेच्या बिलात राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क होते. दुचाकीत टाकलेल्या पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असे दोन्ही कर होते, पण पंपाच्या पावतीवर त्यांतला एकही स्वतंत्र दाखवलेला नव्हता. या माणसाच्या हातात महिनाअखेरीस काही उरत नाही; मिळवलेला जवळजवळ सगळा पैसा तो खर्च करतो, आणि म्हणून त्याच्या जवळजवळ सगळ्या मिळकतीवर खर्चाच्या मार्गाने कर बसतो. महिन्याला पाच लाख मिळवणारा त्यातले तीन लाख गुंतवतो, आणि त्या तीन लाखांवर त्या महिन्यात जीएसटीचा स्पर्शही होत नाही. अप्रत्यक्ष कराचा हा दोष अर्थशास्त्राच्या पहिल्या पुस्तकात शिकवला जातो, पण २०२४-२५ मध्ये देशाचे ढोबळ जीएसटी संकलन २२ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले तेव्हा त्या आकड्याचे कौतुक झाले आणि तो कोणाच्या खिशातून किती आला हे कोणी विचारले नाही.

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावरचे आपले पहिले भाषण केले तेव्हा सरकारी तिजोरीत शिल्लक असल्याचा अभिमान सरकार मिरवत होते. ही शिल्लक लोकांच्या सुबत्तेतून आलेली नसून जादा करआकारणीतून आलेली आहे, असे गोखल्यांनी आकडेवारीनिशी मांडले आणि दोन गोष्टी एकत्र मागितल्या. मिठावरचा कर कमी करा, कारण तो गरिबाला चुकवता येत नाही. आणि आयकरमाफीची मर्यादा ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर न्या. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, मिठाचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि आयकराची मर्यादाही १००० झाली. पांढरपेशा आयकरदात्याची मागणी आणि मीठ विकत घेणाऱ्या मजुराची मागणी गोखल्यांनी एकाच भाषणात जोडून मांडली होती, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. आज आयकराची मर्यादा वाढवण्याची मागणी करणाऱ्या संघटना पुष्कळ आहेत, पण पिठाच्या पाकिटाबद्दल बोलणारे फार थोडे आहेत.

पिठाचा उल्लेख मुद्दाम केला. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद व लेबल लावलेल्या तांदूळ, गहू, पीठ, डाळी आणि दही अशा वस्तूंवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी ब्रँडच्या नावावरचा कायदेशीर हक्क सोडलेल्या पाकिटांना या करातून माफी होती. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत वेष्टनबंद पनीर आणि तयार पोळी-पराठा यांच्यावरचा कर शून्य झाला, मात्र पिठाच्या पाकिटावरचा ५ टक्के तसाच राहिला. आमच्या भागात अजून बऱ्याच घरी गहू निवडून गिरणीत दळून आणतात, त्यामुळे हा कर त्यांना फारसा जाणवत नाही. पण पुण्याला किंवा मुंबईला बांधकामावर गेलेल्या, एका खोलीत चौघे राहणाऱ्या पोरांना पाच किलोचे पाकीट घेण्यावाचून पर्याय नसतो. तयार पोळी करमुक्त आणि पोळीचे पीठ करपात्र, ही विसंगती जीएसटी परिषदेने येत्या पहिल्याच बैठकीत दूर करावी. त्यासाठी नवा कायदा नको, एक अधिसूचना पुरे.

पेट्रोल-डिझेलच्या बाबतीत वाट एवढी सोपी नाही, हे मान्य करतो. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने कच्चे तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचे इंधन या पाच वस्तू जीएसटीत कधी आणायच्या हे ठरवण्याचा अधिकार परिषदेला दिला, पण केंद्र आणि राज्ये दोघांनाही या उत्पन्नाची इतकी सवय लागली आहे की तो दिवस उजाडलेला नाही. एप्रिल २०१४ मध्ये डिझेलवर लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे असलेले केंद्रीय उत्पादन शुल्क मे २०२० मध्ये ३१ रुपये ८३ पैशांवर गेले होते. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये त्यात कपात झाली, तरी ते २०१४ च्या पातळीवर आले नाही. शिवाय २०२१ पासून त्यातला राज्यांना वाटून द्यावा लागणारा मूळ शुल्काचा भाग पेट्रोलवर १ रुपया ४० पैसे आणि डिझेलवर १ रुपया ८० पैसे एवढाच ठेवला गेला आणि बाकीचे सारे उपकर व विशेष शुल्क म्हणून केंद्राकडे राहू लागले. भाजीवर कर नाही असे आपण म्हणतो, पण मिरजेच्या बाजारात येणारी मेथीची जुडी ज्या टेम्पोतून येते त्याच्या टाकीत हा कर असतो. निदान एवढे तरी व्हावे की प्रत्येक पंपावरच्या पावतीवर केंद्राचा कर किती आणि राज्याचा किती हे छापणे सक्तीचे करावे, आणि उपकराच्या रूपाने गोळा होणाऱ्या रकमेला कायद्याने कमाल मर्यादा घालावी.

आता थोडे आमच्या जिल्ह्याकडे येतो, कारण शेतकरी कर भरत नाही हा समज शहरात इतका पक्का झाला आहे की त्याला उत्तर देणे भाग आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरे. परंतु तासगावचा द्राक्ष बागायतदार छाटणीपासून काढणीपर्यंत बागेवर जी औषधे मारतो, त्यांतल्या रासायनिक औषधांवर १८ टक्के जीएसटी आहे. समजा त्याने हंगामात एक लाख रुपयांची औषधे घेतली, तर दुकानदाराला एक लाख अठरा हजार द्यावे लागतात. हीच रसायने एखाद्या कारखान्याने कच्चा माल म्हणून घेतली असती, तर ते अठरा हजार त्याला आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करून मिळाले असते. शेतकऱ्याचा माल करमुक्त आहे, म्हणून त्याला ही वजावट नाही. करमुक्त हा शब्द त्याच्या बाबतीत असा उलटा फिरतो: विक्रीवर कर नाही, म्हणून खरेदीवर भरलेला कर कायमचा गेला. अवकाळी पाऊस झाला की फवारण्या वाढतात, म्हणजे ज्या वर्षी पीक वाईट त्याच वर्षी कर जास्त. ठिबक संच, ट्रॅक्टर आणि जैविक औषधे सप्टेंबरमध्ये ५ टक्क्यांवर आली; रासायनिक औषधेही त्याच दरात आणणे न्याय्य होईल. उलट, इतर मोठा व्यवसाय असताना त्यातला पैसा शेतीचे उत्पन्न म्हणून दाखवणाऱ्यांची कसून तपासणी व्हावी, यालाही माझा पूर्ण पाठिंबा आहे. त्यांच्यामुळे खऱ्या शेतकऱ्याची बदनामी होते.

लहान करदात्याला दरापेक्षा पद्धतीचा त्रास अधिक होतो, याचेही एक उदाहरण देतो. माझ्याकडे सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आल्या. त्यांचे पती एस.टी.त वाहक होते. त्यांच्या पश्चात मिळालेले पैसे आणि थोडी बचत मिळून नऊ लाखांची ठेव एका बँकेत होती आणि तिच्या वर्षाच्या ६३ हजारांच्या आसपासच्या व्याजावर त्यांचे घर चालत होते. करपात्र उत्पन्नाच्या त्या जवळपासही नव्हत्या. पण पॅन कार्डावर त्यांचे नाव साधे होते आणि आधारवर नावापुढे ‘बाई’ जोडलेले होते, त्यामुळे दोन्ही कार्डे जोडली गेली नाहीत, पॅन निष्क्रिय झाला, व्याजातून कर कापू नये म्हणून त्यांनी दिलेला १५ एच अर्ज निरुपयोगी ठरला आणि बँकेने १० ऐवजी २० टक्क्यांनी, म्हणजे साडेबारा हजारांहून अधिक रुपयांची, उद्गम करकपात (टीडीएस) केली. ते परत मिळवण्यासाठी नाव दुरुस्त करा, हजार रुपये शुल्क भरून जोडणी करा, मग विवरणपत्र भरा, हे सारे त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा विलंबित विवरणपत्राची ३१ डिसेंबरची मुदत उलटून गेली होती, आणि त्यानंतर भरता येणाऱ्या अद्ययावत विवरणपत्रात परतावा मागता येत नाही. उरला मार्ग विलंब माफ करण्यासाठी आयकर खात्याकडे वेगळा अर्ज करण्याचा. १ एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठांसाठी व्याजावरील कपातीची मर्यादा ५० हजारांवरून एक लाख झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण मूळ प्रश्न राहतोच. कपात झाल्याची नोंद खात्याच्या संगणकावर असते, इतर उत्पन्न नाही हेही तिथे दिसते आणि बँक खात्याचा क्रमांकही असतो. मग अशा ज्येष्ठांचा परतावा अर्जाविना, आपोआप त्यांच्या खात्यात का जमा होऊ नये? सरकारला देणे असेल तर नोटीस आपोआप निघते. देणे सरकारकडून असेल तेव्हाही संगणकाने तेवढीच तत्परता दाखवावी. असे झाले तर माझ्यासारख्यांच्या कामाचा एक भाग कमी होईल आणि त्याचा मला आनंदच वाटेल.

सामान्यांना सवलत दिली तर तिजोरी कशी भरायची, हा प्रश्न लगेच विचारला जाईल आणि तो रास्त आहे. माझ्या मते त्याचे उत्तर भांडवली नफ्याच्या करात आणि मोठ्या वारशात आहे, आणि येथे आकडे नीट पाहिले पाहिजेत, कारण या विषयात घोषणाबाजी फार होते. शेअर बाजारात नोंदलेले शेअर वर्षाहून अधिक काळ ठेवून विकले, तर जुलै २०२४ पासून सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर सरसकट १२.५ टक्के कर आहे. वर्षाला २० लाख पगार असलेला नोकरदार आणि २० लाख असा नफा कमावणारा गुंतवणूकदार यांची नव्या प्रणालीनुसार तुलना केली, तर दोघांचाही कर एक लाख नव्वद हजारांच्या थोडा वर येतो. तिथे अन्याय नाही. फरक पडतो वर गेल्यावर. एक कोटी पगारावर अधिभार आणि उपकर धरून २९ लाखांहून अधिक कर लागतो, आणि दुसरे उत्पन्न नसलेल्या गुंतवणूकदाराला एक कोटीच्या नफ्यावर साडेतेरा लाखांच्या आसपास. आणि खाली आल्यावर फरक उलट्या दिशेने पडतो. वजावटीनंतर चार लाख निवृत्तिवेतन असलेल्या शिक्षकाने मुलीच्या लग्नासाठी शेअर फंडाची युनिट विकली आणि त्यात तीन लाखांचा नफा झाला, तर त्याचे एकूण उत्पन्न सात लाख भरते. तरी त्याला २२,७५० रुपये कर द्यावा लागतो, कारण १२ लाखांपर्यंतची सूट अशा नफ्याला लागू नाही. बारा लाख पगार घेणाऱ्याला मात्र शून्य. म्हणजे एकाच दराच्या करामुळे लहान बचतदार अधिक भरतो आणि अतिश्रीमंत कमी. यावर उपाय अवघड नाही. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर भांडवली नफ्यालाही सूट द्यावी, आणि वर्षाचा नफा ५० लाखांच्या पुढे गेल्यावर दर टप्प्याटप्प्याने पगाराच्या दराजवळ न्यावा. ऑक्टोबर २००४ पासून मार्च २०१८ पर्यंत हा दीर्घकालीन नफा पूर्णपणे करमुक्त होता; पुढे तो आधी १० आणि मग १२.५ टक्क्यांवर आला. बाजार कोसळेल ही भीती दोन्ही वेळा व्यक्त झाली होती, पण गुंतवणूकदार टिकून राहिले.

अशीच विषमता कंपनी आणि भागीदारी पेढी यांच्यातही आहे, तिच्याबद्दल थोडक्यात लिहितो. सप्टेंबर २०१९ मध्ये सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ कर २२ टक्क्यांवर आणला गेला. अधिभार व उपकर धरून तो २५.१७ टक्के होतो. आमच्या पेठेतील दोन भावांच्या हळदीच्या किंवा बेदाण्याच्या पेढीला मात्र पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर. भागीदारांना दिलेले ठरावीक मर्यादेतील वेतन वजा होते आणि कंपनीच्या लाभांशावर भागधारकाला पुन्हा कर लागतो, हे दोन्ही मुद्दे मान्य करूनही, व्यवसायात पुन्हा गुंतवण्यासाठी ठेवलेल्या नफ्यावर लहान पेढीने देशातल्या बलाढ्य कंपनीपेक्षा जास्त दराने कर भरावा, याचे समर्थन मला तरी सापडत नाही. पेढ्यांसाठीही २२ टक्क्यांचा पर्याय खुला करावा. त्याचबरोबर, पुरवठादाराने गोळा केलेला जीएसटी सरकारजमा केला नाही म्हणून प्रामाणिक खरेदीदाराची वजावट नाकारणारी तरतूद बदलावी आणि वसुली कर बुडवणाऱ्याकडूनच करावी.

आता वारसा. १९५३ मध्ये आलेला मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला आणि १९५७ चा संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने काढून टाकला. उत्पन्न नगण्य आणि खटाटोप मोठा, हे कारण दोन्ही वेळा दिले गेले. ते खोटे नव्हते, पण उत्पन्न नगण्य का होते याचा विचार झाला नाही. संपत्ती कर ३० लाखांच्या वर लागत होता, दागिने, मोटारी आणि जास्तीचे घर त्यात धरले जात होते, पण शेअर त्यातून वगळलेले होते. म्हणजे देशातली खरी मोठी संपत्ती ज्या रूपात आहे तीच बाहेर ठेवायची आणि मग कर जमत नाही म्हणायचे. तेव्हाची दुसरी अडचण मोजदादीची होती. आज शेअर डिमॅट खात्यात आहेत, प्रत्येक मोठ्या व्यवहाराला पॅन लागतो, जमिनीचे दस्त संगणकावर आहेत. ब्रिटन, जपान, अमेरिका यांसारखे भांडवलशाही देश मोठ्या वारशावर कर घेतात आणि तिथले उद्योग त्यामुळे बंद पडलेले नाहीत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हा विषय नुसता निघाला आणि आपला त्याच्याशी संबंध नाही असे सांगण्याची चढाओढ लागली, त्यामुळे मी अलोकप्रिय सूचना करतो आहे याची मला कल्पना आहे. तरीही स्पष्ट लिहितो. राहते घर आणि कसती शेतजमीन पूर्णपणे वगळून, माणशी दहा कोटींच्या वरच्या वारशावर माफक दराने कर लावावा. आपल्यापैकी बहुतेकांच्या सात पिढ्यांना तो लागणार नाही. आणि त्यातून येणाऱ्या रकमेएवढी सूट अन्नधान्य व औषधांवरच्या जीएसटीत देण्याचे बंधन त्याच कायद्यात लिहावे.

व्यवसाय कराचा विषय राज्याचा असला तरी त्याची दोरी दिल्लीत आहे, म्हणून तोही येथेच मांडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर आणला. शहरातल्या नोकरदाराने गावाकडच्या मजुराच्या कामासाठी थोडा भार उचलावा, हा त्यामागचा विचार मला आजही आदरणीय वाटतो. पण राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने या कराला माणशी वर्षाला कमाल मर्यादा घातली आहे. ती १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने २५० वरून २५०० रुपये झाली आणि तेव्हापासून तिथेच आहे. परिणाम असा की महिना १० हजारांच्या वर पगार गेला की पुरुष कामगाराचे वर्षाला २५०० रुपये कापले जातात. महिलांना २५ हजारांपर्यंत माफी आहे, हा एक दिलासा. वर उल्लेख केलेला १४ हजारांचा कामगार हजार रुपये मिळकतीमागे सुमारे १५ रुपये व्यवसाय कर भरतो, आणि वर्षाला कोटी रुपये घेणारा कंपनीचा अधिकारी हजारामागे २५ पैसे. मजुराच्या हिताच्या नावाने आणलेला कर मजुरावरच असा अधिक बसावा, हे त्या मूळ विचाराशी विसंगत आहे. राज्य सरकारने २५ हजारांची माफी सर्वांनाच द्यावी, आणि संसदेने घटनेतील मर्यादा वाढवून वरच्या पगारांवर चढत्या दराची मुभा राज्यांना द्यावी.

मर्यादा गोठण्याचा हा रोग फक्त व्यवसाय कराला जडलेला नाही. जुन्या आयकर प्रणालीतील अडीच लाखांची करमुक्त मर्यादा आणि बचतीवरची दीड लाखाची वजावट २०१४ मध्ये ठरली; त्यानंतर डाळ, भाडे, फी सारे वाढले, त्या दोन आकड्यांना कोणी हात लावला नाही. महागाईनुसार आकडे कसे वाढवायचे हे सरकारला ठाऊक नाही असेही नाही. मालमत्ता विकणाऱ्याच्या नफ्यासाठी महागाई निर्देशांकाचा तक्ता आयकर खाते दरवर्षी जाहीर करते. २००१-०२ चा १०० हा आकडा २०२५-२६ साठी ३७६ आहे. हाच तक्ता आयकराच्या टप्प्यांना, ज्येष्ठांच्या सवलतींना आणि व्यवसाय कराच्या मर्यादेला कायद्यानेच जोडला, तर दर अर्थसंकल्पाआधी सवलतीची वाट पाहत बसण्याची गरज उरणार नाही.

या सर्वांच्या आधी व्हायला हवी अशी एक गोष्ट आहे आणि तिला फारसा खर्चही नाही. अर्थसंकल्पासोबत करसवलतींमुळे सरकारने किती महसूल सोडला याचे विवरण २००६-०७ पासून दिले जाते. त्याच्याच शेजारी आणखी एक तक्ता असावा: देशातील कुटुंबांचे उत्पन्न किंवा खर्चानुसार दहा गट पाडून, प्रत्येक गटाच्या शंभर रुपयांतील किती रुपये आयकर, जीएसटी, इंधनकर आणि राज्यांचे कर मिळून जातात हे त्यात दाखवावे. त्यासाठी लागणारी सामग्री सरकारकडे आहे. २०२२-२३ आणि २०२३-२४ या दोन्ही वर्षांचे घरगुती उपभोग खर्चाचे राष्ट्रीय सर्वेक्षण प्रसिद्ध झालेले आहे. २०२३-२४ मध्ये ग्रामीण भागात माणशी मासिक खर्च ४,१२२ रुपये आणि शहरी भागात ६,९९६ रुपये होता, आणि तो कशाकशावर झाला याचा बारीक तपशील त्यात आहे. आयकराची उत्पन्नगटवार आकडेवारी खाते स्वतः प्रसिद्ध करते. दोन्ही एकत्र मांडायचे काम वित्त मंत्रालयातील अर्थतज्ज्ञांना सहज जमेल. तो तक्ता समोर आला म्हणजे माझ्या वरच्या सूचनांपैकी कोणत्या बरोबर आणि कोणत्या चूक, हेही आकड्यांवरून ठरवता येईल, आणि एखादी सूचना चुकीची ठरली तर मी ती आनंदाने मागे घेईन.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत महाराष्ट्रातील सर्व पक्षांच्या खासदारांना माझी विनंती आहे, की अर्थसंकल्पी अधिवेशनात वित्त विधेयकावर बोलताना त्यांनी अन्य कोणत्याही सवलतीआधी हा तक्ता मागावा, आणि तो दरवर्षी अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांत जोडण्याचे आश्वासन अर्थमंत्र्यांकडून सभागृहाच्या कामकाजात नोंदवून घ्यावे.

आपला,
एक करसल्लागार व नियमित वाचक,
सांगली